पानथरीच्या मॅडम

वाठोरे मॅडम चिडल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. ऑपरेशन चालू असताना त्या मोठ्यानं बोलत असल्या, कैची मागितलेली बाहेरच्या पॅसेजात ऐकू जात असली, म्हणजे सगळं ठीक आहे असं आम्ही समजायचो. आवाज हळू झाला की जो तो मान खाली घालून आपापल्या कामाला लागायचा. मी भूल देणारा डॉक्टर. माझी जागा पेशंटच्या उशाशी, त्यामुळे त्यांचं पुटपुटणं सगळ्यात आधी माझ्या कानावर यायचं. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात आम्ही बरीच वर्षं असे समोरासमोर उभे राहिलो, आणि त्या वर्षांतलं त्यांचं बहुतेक बोलणं मी त्या खालच्या आवाजातच ऐकलं.

त्या सर्जरीच्या प्राध्यापक होत्या. हर्निया, अपेंडिक्स सगळेच करतात, त्याही करायच्या. पण त्यांचा जीव अडकलेला असायचा तो लिव्हरच्या आणि प्लीहेच्या आजारांत. प्लीहेला आमच्याकडं पानथरी म्हणतात. खेड्यातून आलेली माणसं ओपीडीच्या दारात विचारायची, "पानथरीच्या मॅडम कुठं बसतात?" मॅडमना हे नाव आवडायचं. मूळच्या त्या उमरीकडच्या, वडील रेल्वेत गँगमन. गावाकडची बोली त्यांनी कधी सोडली नाही, पेशंटशी तर नाहीच. हे पानथरीचं वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काळजावर गाणी हायत, भूलवाले सर. पानथरीला कोण हाय?"

पेशंट आला की आधी प्लास्टिकची पिशवी पुढं करतो. तिच्यात आधीच्या दवाखान्यांचे कागद, फिल्मा, गोळ्यांची रिकामी पाकिटं. मॅडम ती पिशवी घेऊन बाजूला ठेवायच्या. आधी पोट, मग पिशवी. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायच्या आणि हात ठेवायच्या तो पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. पानथरी असते डाव्या बरगड्यांखाली, म्हणून नवीन पोरांना वाटायचं मॅडम चुकल्या. पण पानथरी वाढते ती तिरकी, खाली उजवीकडं उतरत येते. बरगडीजवळून सुरुवात केली तर हात तिच्यावरच पडतो आणि कड सापडत नाही. एका शिकाऊ डॉक्टरनं असंच वर चाचपून सांगितलं की प्लीहा लागत नाही. मॅडमनी त्याचा हात तिथंच दाबून धरला. "घराच्या माळवदावर उभा राहून घर शोधून राहिलास तू," असं म्हणाल्या, आणि तो हात धरून पार खाली नेला. पानथरीची कड बेंबीच्या पलीकडं होती.

पोटावर डाव्या बाजूला जुने डाग दिसले की त्यांचा चेहरा उतरायचा. पानथरी वाढली की तापल्या सळईनं डागायची रीत अजून कुठं कुठं चालते. डाग दिसला म्हणजे पेशंट भलतीकडं फिरून, उशिरा आपल्याकडं आलाय, असा त्याचा अर्थ. पण डागणाऱ्यापेक्षा त्या आम्हालाच जास्त बोलायच्या. अवघड पेशंट दिसला की आमच्या तोंडी एकच वाक्य असायचं, वर पाठवा. वर म्हणजे हैदराबाद, नाहीतर पुणे, मुंबई. मॅडम खालच्या आवाजात म्हणायच्या, "वर पाठवा म्हणता. वर कोण असतं, माहीत हाय ना?"

इस्लापूरकडची एक पोरगी आली होती, तिला सविता म्हणू. विशीच्या आतली. बेंबीखाली गाठ लागत होती, मधूनच पोट दुखायचं. लग्न ठरलेलं होतं. गाठ वाढायला लागली तशी गावात कुजबूज सुरू झाली की पोरीला दिवस गेलेत. आईनं तालुक्याला नेऊन लघवी तपासली, तसलं काही निघालं नाही, तरी कुजबूज थांबली नाही. मग कुठंतरी सोनोग्राफी झाली, अंडाशयाची गाठ असं निघालं आणि ती आमच्या स्त्रीरोग विभागात भरती झाली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशीचं ठरलं. गाठ हाताखाली फारच सरकते म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वाठोरे मॅडमना बघायला बोलावलं. भुलीआधीच्या तपासणीसाठी मी तिथंच होतो.

मॅडमनी हात गरम केले, गाठ ओंजळीत धरावी तशी धरली आणि हळूच वर डावीकडं सरकवली. ती सरळ बरगड्यांखाली गेली. सविता म्हणाली, आता दुखत नाही. मॅडमनी हात काढला तशी गाठ पुन्हा खाली आली. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंचं बोट धरून गाठीच्या कडेवर ठेवलं. "ही खाच कळतीय का? अंडाशयाला खाच नसती. ही पानथरी हाय, घर सोडून खाली आलीय."

त्या महिन्यात आमचं सिटी स्कॅन बंद होतं. कुठलासा भाग यायचा होता, तो येतच होता. मॅडम सोनोग्राफीच्या खोलीत जाऊन मशीनशेजारी उभ्या राहिल्या आणि तिथल्या डॉक्टरला म्हणाल्या, गाठ बघू नका, तिच्या जागेवर पानथरी शोधून दाखवा. ती तिथं नव्हती. काही जणांत पानथरीला जागेवर धरून ठेवणारे पडदे जन्मापासून सैल असतात. मग ती आपल्याच रक्तवाहिन्यांवर, दोरावरच्या पोहऱ्यासारखी लोंबते. दोराला पीळ पडला की रक्त तुटतं. सविताचं दुखणं हे त्या पिळाचं होतं.

पोट उघडलं तेव्हा पानथरी काळीनिळी झालेली होती. मॅडमनी पीळ उलगडला, गरम पाण्याचे बोळे लावले आणि नुसत्या थांबल्या. हळूहळू रंग परत आला. पानथरी काढायची गरज उरली नाही. जाळीचा कप्पा करून त्यांनी ती तिच्या जागी बसवून टाकली. त्या दिवशी त्या इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की सिस्टर हसायला लागल्या.

पुढं मुलाकडचे आले. मुलाच्या वडिलांना मॅडमनी खुर्ची दिली, चित्र काढून सगळं समजावलं. पोरगी चांगली आहे, लेकरंबाळं होतील, शेतात काम करील, असं सांगितलं. त्या गृहस्थानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात जोडले. "मॅडम, मला पटलं. पण गावात किती जणांना चित्र काढून दाखवू?"

लग्न मोडलं. दुसऱ्या दिवशी थिएटरात मॅडम हात धुताना एवढंच म्हणाल्या की पोरगी बरी झाली, पण गावाच्या हिशोबानं अजून आजारीच आहे. सविता पुढं तपासणीला येत राहिली. मॅडम तिचं पोट बघायच्या आणि कॉलेजचा फॉर्म भरला का ते विचारायच्या. पण त्या मुलाच्या बापाचा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली जायचा. तो माणूस उद्धट असता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणायच्या. भांडता तरी आलं असतं.

माहूरच्या भगवानबद्दलही लोकांनी असंच आधीच ठरवून टाकलेलं. गडाच्या पायथ्याला ओटीचं सामान विकायचा. रक्ताच्या उलट्या झाल्या म्हणून आणलेला, पोटात ही एवढी पानथरी. आधीच्या प्रत्येक दवाखान्यात दारूचं लिव्हर म्हणून लिहिलेलं. बायको सांगत होती, माळकरी आहेत, शिवत नाहीत. डॉक्टर लोक मान डोलवायचे आणि तेच पुन्हा लिहायचे. आमच्या निवासी डॉक्टरनंही विचारलं, "किती पिता?" मॅडम राउंडला होत्या. त्यांनी त्याला खाटेपाशी परत बोलावलं आणि सगळ्यांसमोर प्रश्न बदलायला लावला. "पिता का, असं विचार." त्यानं तसं विचारलं. भगवान न्हाई म्हणाला आणि तोंडावर पांघरूण घेऊन रडायला लागला.

त्याचं लिव्हर धड होतं. लिव्हरकडं रक्त नेणारी शीर चोंदत आली होती, त्यामुळे रक्त मागं तुंबून पानथरी फुगली होती आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुटत होत्या. मॅडमनी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं की पाटात दगड अडकलाय, पाणी मागं तुंबलंय, त्यात पोराचा काही दोष नाही. म्हाताऱ्यानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "आम्ही त्याला लई दिस पंगतीत बसू दिलं न्हाई."

ऑपरेशन म्हणजे पानथरी काढायची आणि तिची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडून रक्ताला दुसरी वाट करून द्यायची. त्याला केसासारखा बारीक धागा लागतो. तो आमच्या भांडारात नव्हता. मागणी केली आहे, असं भांडारवाला प्रत्येक वेळी नव्या उमेदीनं सांगायचा. शेवटी मॅडमनी लातूरच्या एका मैत्रिणीकडून धागा एसटीच्या पार्सलनं मागवला आणि स्वतः बसस्टँडवर जाऊन घेऊन आल्या. ऑपरेशन दिवसभर चाललं. मी रक्ताच्या बाटल्यांसाठी रक्तपेढीशी भांडत होतो, मॅडम दिव्याच्या उजेडाशी. संध्याकाळी भगवाननं डोळे उघडले आणि नळी काढल्या काढल्या मला विचारलं, हे दारूचं नव्हतं असं घरी सांगितलं का.

तेव्हा मॅडमना वाटलं होतं की आता दवाखान्यात या आजारांसाठी वेगळा विभाग होईल, लहानसा का होईना. प्रस्ताव गेला, शंका विचारत परत आला, शंकांना उत्तरं गेली, नव्या शंका आल्या. आणि त्याच सुमारास लक्ष्मी आली.

लक्ष्मी मुखेडकडच्या मेंढपाळाची बायको. मेंढरं, कुत्री, राहायचं पाल, सगळं फिरतीवरचं. कुत्र्याच्या विष्ठेतून एका जंताची अंडी माणसाच्या पोटात जातात आणि आत पाण्यानं भरलेली गाठ धरते. बहुतेक वेळा ती लिव्हरला असते, लक्ष्मीची पानथरीला होती, आणि पानथरी जवळजवळ सगळीच खाऊन गेली होती. अशी गाठ ऑपरेशनमध्ये फुटली तर पेशंटचं ब्लडप्रेशर एकदम कोसळतं, म्हणून मीच जास्त घाबरलेलो होतो. मॅडमनी गाठीभोवती मिठाच्या पाण्याचे बोळे रचले आणि ती पानथरीसकट अखंड बाहेर काढली.

पण पानथरी नसलेल्या माणसाला काही जंतूंपुढं उभंच राहता येत नाही. साधा वाटणारा ताप एका दिवसात जीव घेतो. त्यासाठी लशी असतात, त्या ऑपरेशनच्या आधी द्यायच्या. भांडारात त्या नव्हत्या आणि गाठ फुटायला आली होती, थांबता येण्यासारखं नव्हतं. मग लशी नंतर द्यायचं ठरलं. लक्ष्मी सांगितल्या दिवशी आली, लशी आल्या नव्हत्या. परत बोलावलं, ती परत आली, तेव्हाही नव्हत्या. त्या दुसऱ्या वेळी मॅडमनी तिला गोळ्यांचं पाकीट दिलं. ताप आला की लगेच ही गोळी घ्यायची आणि दवाखाना गाठायचा, असं तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग मॅडमनी लशी स्वतः कुठून तरी मिळवल्या आणि निरोप पाठवला. तोवर मेंढरं पुढं निघून गेली होती.

काही महिन्यांनी तिचा नवरा मारुती ओपीडीत आला. केसपेपर काढून, रांगेत उभा राहून. मॅडमनी आधी विचारलं, लक्ष्मी कुठंय. तो म्हणाला, गेली. ताप आला होता. गोळ्या ल्योकाला ताप आला तवा त्याला दिल्या होत्या, त्यामुळे उरल्या नव्हत्या. वाटेतल्या गावात डॉक्टरनं सुई मारली, सलाईन लावलं, सध्या सगळीकडं व्हायरल चाललंय म्हणाला. सकाळी ती उठलीच नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, तापानं माणूस मरतंय का?"

मॅडमच्या जागी आम्ही कुणीही असतो तर 'सांगितलं होतं ना' असं म्हणून गेलो असतो. मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. "पानथरी नसली तर मरतंय," म्हणाल्या आणि पोरगा कसा आहे ते विचारलं. पोरगा बरा होता. मारुती गेल्यावर त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही बोल लावला नाही, भांडारवाल्यालासुद्धा नाही. आम्हाला ते सगळ्यात जड गेलं.

पुढच्या आठवड्यात मॅडम लक्ष्मीला सुई मारणाऱ्या डॉक्टरकडं जाऊन आल्या. भांडायला गेल्या होत्या, न भांडताच परत आल्या. डॉक्टर भला माणूस होता. लक्ष्मीनं त्याला पोटाचं ऑपरेशन झालंय एवढंच सांगितलं होतं, आणि पानथरी नसलेल्याला ताप येणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "पुस्तकात हाय सर," मॅडम मला म्हणाल्या, "पण परीक्षेला येत न्हाई."

तेव्हापासून त्यांनी सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावांना जायला सुरुवात केली. किनवट, भोकर, उमरी, मुखेड. तिथल्या डॉक्टरांना जमवायचं आणि एकच गोष्ट सांगायची. पोटावर व्रण असलेला माणूस ताप घेऊन आला तर पानथरी आहे का विचारा. नसेल तर पहिलं इंजेक्शन तिथंच द्या आणि गाडीत घाला, तपासण्या नंतर. हे सांगायला फार वेळ लागत नाही. माणसं जमायलाच वेळ लागायचा. कुठं हॉलची किल्ली सापडायची नाही, कुठं उद्घाटनाला पुढारी यायचा आणि त्याचंच भाषण लांबायचं. एका ठिकाणी फलकावर 'पानथरी' ऐवजी 'पानटपरी' लिहिलं होतं. मॅडम हसल्या नाहीत. मी हसलो, तर माझ्याकडं बघितलं.

आणि हे सगळं चालू असताना त्यांची लातूरला बदली झाली. विभागाचा प्रस्ताव ज्या टेबलावर होता तिथंच राहिला. लातूरला सिटी स्कॅन चालू होतं, तर थिएटरचं काम निघालेलं. तिथंही त्या हात चोळून पोटं बघायच्या, निदान करायच्या आणि पेशंटला थांबायला सांगायच्या. नांदेडकडचे पेशंट त्यांच्या मागं लातूरला जायला लागले. त्या फोनवर मला म्हणायच्या की आता मीच 'वर' झाले.

एक गोष्ट मात्र झाली. माहूरच्या भगवानला ताप भरला. किनवटच्या एका डॉक्टरनं पोटावरचा व्रण बघितला, पानथरीचं विचारलं, इंजेक्शन देऊन त्याला तडक आमच्याकडं पाठवलं. चार दिवस तो माझ्या आयसीयूत होता आणि चालत घरी गेला. मी आनंदानं मॅडमना फोन केला. इंजेक्शन कुठलं दिलं ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "एकाला कळलं. किनवट तालुक्यात डॉक्टर किती हायत?" आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या. लातूरच्या घरी, सकाळी, हृदयाचा झटका. शोकसभा नांदेडला झाली तशी लातूरलाही झाली. दोन्हीकडं लोक चांगलं बोलले. त्यांच्या नावानं विभाग सुरू करू, असं दोन्हीकडं जाहीर झालं. मी अधूनमधून विचारतो. प्रस्ताव तयार होतोय, असं सांगतात. मी भूल देणारा माणूस, दुसऱ्याला शांत झोपवणं हा माझा धंदा, पण हे उत्तर ऐकलं की माझ्या हातून काहीतरी फेकलं जाईल असं वाटतं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते देगलूरला, त्या गेल्या त्याच्या थोडं आधी. त्या लातूरहून उदगीरमार्गे एसटीनं आल्या होत्या, मी नांदेडहून. सभा दुपारची. खुर्च्या खूप मांडल्या होत्या, आले मोजके. दोन-तीन डॉक्टर, एक मेडिकलवाला, आणि हॉलचा रखवालदार. थोडं थांबू, लोक येतील, असं आयोजक म्हणत राहिले. लोक आले नाहीत, लाईट गेली. मॅडमनी पडद्यावरची चित्रं बाजूला ठेवली आणि खिडकीजवळ उभ्या राहून सगळं सांगितलं, काहीही न गाळता. शेवटी शंका विचारा म्हणाल्या, तेव्हा एका डॉक्टरनं विचारलं की हजेरीचं प्रमाणपत्र मिळणार का.

बाहेर येऊन आम्ही रस्त्याला उभे राहिलो. मला तेव्हा फार राग आला होता. मी म्हणालो, कशासाठी हे करता, कुणाला गरज आहे. उसाच्या गाड्या चालल्या होत्या, धूळ उडत होती, त्या पदरानं चष्मा पुसत होत्या. माझी गाडी आली. मी बसलो, ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि मी मागं बघितलं.

एक तरुण डॉक्टर मोटारसायकलवरून चालला होता. गळ्यात स्टेथोस्कोप होता, त्यावरून मॅडमनी ओळखलं असावं. सभेला तो आलेला नव्हता. त्यांनी हात करून त्याला थांबवलं होतं. त्यानं हेल्मेट काढलं नव्हतं, गाडीही बंद केली नव्हती, घड्याळाकडं बघत होता. मॅडम त्याला सांगत होत्या. एक हात त्यांनी स्वतःच्या डाव्या बरगडीखाली धरला होता, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या मोटारसायकलचं हँडल घट्ट पकडून ठेवलं होतं.